लेखकाचे वडील हयात आहेत

रविवार, ४ मे

लेखक महाशय,

आज सकाळी नऊच्या सुमारास मी वारल्याचं मला पेपरातून कळलं.

नेहमीसारखा दाढी करून, चहा घेऊन बसलो होतो. रविवारी मी आधी तुझंच पान काढतो. वर तुझा फोटो, तोच, हनुवटीखाली मूठ धरलेला, दात दुखत असल्यासारखा. खाली मथळा, 'बाबा गेल्यानंतर'. आधी वाटलं, असतील दुसऱ्या कुणाचे तरी बाबा. पण दुसऱ्याच ओळीत जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आला, त्याची डाव्या हाताची अर्धी तुटलेली करंगळी आली, तेव्हा मी माझ्या हाताकडे बघितलं. करंगळी होती तशीच होती, म्हणजे अर्धी नव्हती.

मग बेल वाजायला लागली. पहिल्या आल्या वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. डोळे पुसतच आल्या होत्या. दार मीच उघडलं म्हटल्यावर 'अगंबाई' म्हणाल्या आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांना पाणी मलाच द्यावं लागलं. त्यानंतर कोपऱ्यावरचा न्हावी. म्हणाला, "काका, आहात होय तुम्ही? मी गिऱ्हाईकाचे अर्धे केस कापून तसाच पळत आलो." तुझ्या आत्याचा फोन आला. मी हॅलो म्हटल्यावर तिने विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "मयत बोलतोय." तिने फोन आपटला आणि अजून उचललेला नाही. तू तिला जरा समजाव. तिचं माझ्यावर नाही तरी तुझ्यावर प्रेम आहे.

फोन न करता कागद का घेतला, ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'बरं' म्हणतो, तू 'ठेवतो' म्हणतोस. एकोणीस वर्षांत तू दोनदा घरी आलास. फोनवरची सगळी बोलणी एकत्र केली तरी तुझा एक लेख भरणार नाही. तुझं मात्र बरं चाललंय. सहाशे शब्दांत एकटेपणा, पुढच्या रविवारी वेग, त्याच्या पुढच्या रविवारी झोप, मग मैत्री, मग मोबाइल. मोठमोठे विषय तू असे चौकोनात बसवतोस की वाचून माणसाला वाटावं, एवढंच तर होतं. मी एकही चुकवलेला नाही.

आता मी वारलोच आहे, तर काही दुरुस्त्या सांगतो.

तू लिहिलंस, 'सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या उशीवर पडलं होतं.' माझ्या खोलीत सकाळी ऊन येत नाही. खिडकीसमोर गाड्या लावायच्या इमारतीची भिंत आहे. ऊन येतं दुपारी तीनला, तेही स्वयंपाकघरात. तू लिहिलंस, 'त्यांनी माझा हात घट्ट धरला.' तुला मी शेवटचं धरलं ते तू सायकल शिकत होतास तेव्हा, आणि तेव्हाही तुझा हात धरला नव्हता, सीट धरली होती. तू लिहिलंस, मी अबोल होतो. मी आणि अबोल? या इमारतीत कुणालाही विचार, माझ्या तोंडाला कंटाळलेत सगळे. मी तुझ्याशी अबोल होतो, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या परिच्छेदाबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तब्येत ठीक. काळजी नसावी, म्हणजे असली तर.

बाबा

---

गुरुवार, ८ मे

लेखक महाशय,

तुझं पत्र मिळालं. चार पानं. तुझ्या अक्षरातली चार पानं मला तू वसतिगृहात असतानाही कधी आली नव्हती. तेव्हा यायचं एक कार्ड, त्यात 'मी मजेत' आणि खाली सही.

तुला एवढी लाज वाटायचं कारण नाही. लेख आधी तयार करून ठेवायचे, ही तुमच्या धंद्याची रीत असेल तर असेल. मीसुद्धा लिफ्टचा दोर तुटायच्या आत नवा दोर आणून ठेवायचो. तुटल्यावर नेमकं दुकान बंद असतं. तू म्हणतोस, दहा-बारा लेख कायम तयार असतात, त्यांतला हा एक होता, कधीतरी लागणारच होता. लागणारच होता की. त्यात खोटं काय आहे?

मला गंमत वाटली ती तुमच्या पान लावणाऱ्या बाईंची. त्यांनी मला काल फोन केला. रडवेल्या झाल्या होत्या. सांगत होत्या, तू तापाने आडवा होतास, लेख आला नाही, म्हणून त्यांनी तुझ्या साठवणीत बघितलं. हा लेख वाचला, त्यांना रडू आलं. तुला विचारणार होत्या. पण मग त्यांना वाटलं, बिचाऱ्याचे वडील गेलेत, तो काही बोलला नाही, नुसता ताप आला म्हणाला, अशा वेळी फोन करून कशाला छळायचं. म्हणून न विचारता लावून टाकला. केवढा समजूतदारपणा. माणूस कुणाचं भलं करायला निघाला आणि त्याने ज्याचं भलं त्यालाच विचारायचं टाळलं, की असंच होतं. मी बाईंना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, याहून मोठ्या चुका होतात.

दिलगिरी मंगळवारी आली. सातव्या पानावर, गटारांच्या बातमीखाली. 'सदर लेखकाचे वडील हयात आहेत. झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.' चुकून हयात असल्यासारखं वाटलं. कापून खिशात ठेवलंय. बँकेत हयातीचा दाखला मागतात, तिथे चालतंय का बघतो.

पान लावणाऱ्या बाईंनी आणखी एक विचारलं. वाचकांची शंभरावर पत्रं आलीत म्हणे, सगळी माझ्याबद्दल. तेव्हा मी तुझ्या जागेवर, तुझ्याच चौकटीत, उत्तर म्हणून सहाशे शब्द लिहावेत. 'बाबा बोलतायत' असं काहीतरी. मी म्हटलं, मला स्क्रू लिहिता येत नाही, फिरवता येतो. त्या म्हणाल्या, तसंच लिहा. विचार करतो म्हणून फोन ठेवून दिला.

आता तिसऱ्या परिच्छेदाचं. टाळून चालणार नाही, कारण लोक टाळू देत नाहीत. शिक्षिकाबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, माझ्याच दिवाणखान्यात बसून. 'आईनेच बजावलं होतं, त्याला कळवू नका, पेपर बुडेल. बाबांनी तिचा शब्द पाळला. ती गेली तरी मला कळवलं नाही. शेवटचा पेपर होईपर्यंत सगळं एकट्याने उरावर घेतलं आणि नंतर एकोणीस वर्षं माझा राग झेलला. तिचा शब्द मोडून माझं प्रेम राखणं त्यांना सोपं होतं. त्यांनी अवघड ते केलं. हे समजायला मला एवढी वर्षं लागली.' वाचून झाल्यावर बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. न्हाव्याने आज दाढीचे पैसे घेतले नाहीत. खालचा चौकीदार, जो एरवी बसल्या जागेवरून मान हलवतो, तो उभा राहिला.

मी बाईंसाठी चहा टाकला.

तू अठराला येतोयस, मुलीला घेऊन. चांगलं आहे. फार चांगलं आहे. सात वर्षांची झाली आणि मी तिला फोटोतच बघितलंय. तिला उंचीची भीती वाटते का ते कळव. नसेल वाटत तर गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत नेऊन मोटर दाखवीन. चाक कसं उलट-सुलट फिरतं ते बघायला पोरांना आवडतं, तू लहानपणी तिथून हलायचा नाहीस. पलंग तुम्हाला देतो, मी बाहेर झोपेन. भिंतीला रंग काढायला घेतलाय. वास जायला दोन दिवस लागतील, जाईल तोवर.

फक्त मुक्काम वाढवलास तर बुधवार सोडून. बुधवारी मला एका ठिकाणी जायचं असतं. काही विशेष नाही.

बाबा

---

सोमवार, १२ मे

बाळा,

सहाशे शब्द लिहायला बसलो होतो. चार वेळा बसलो. दोनशेपर्यंत छान जातं. तुझा जन्म, तुझी सायकल, तू पहिल्यांदा शाईने नाव लिहिलंस ती वही. मग आपोआप तुझी आई येते, आणि ती आली की पेन थांबतं. बाईंना आज फोन करून सांगितलं, माझ्याने होणार नाही. त्यांना वाटलं मी लाजतोय.

तू मला पेपरात माफ केलंस. लाखभर लोकांच्या देखत. मी नसताना केलंस, म्हणजे मी नाही असं समजून लिहिलंस, म्हणून ते खरं असणार हे मला कळतं. समोरच्यासाठी माणूस गोड बोलतो, गेलेल्याच्या मागे इतकं नेटाने खोटं लिहीत नाही. एकोणीस वर्षं मी ह्याचीच वाट बघत होतो. आणि आता ते हातात आलंय, तर मला ते ठेवून घेता येत नाही. कारण ते माझं नाही.

आईने तसं सांगितलं नव्हतं.

आता लिहितोय तर सगळं लिहितो, मध्ये थांबलो तर राहून जाईल.

मंगळवारी पहाटे तिला थंडी वाजून ताप चढला. दवाखान्यात मूत्रपिंडाला संसर्ग झालाय म्हणाले. औषधं चालू केलीत, चार दिवसांत घरी जातील. तुझं वेळापत्रक तू फ्रिजला चिकटवून गेला होतास, शेवटचा पेपर शनिवारी. मी मनात म्हटलं, चार दिवस म्हणजे शनिवारच. तो येईल तेव्हा ही घरी असेल, त्याला काही कळायचंही कारण नाही.

बुधवारी दुपारी ती म्हणाली, "अहो, त्याला बोलावून घ्या."

मी म्हटलं, "अगं, पेपर चालू आहेत त्याचे."

"असू देत. पेपर पुढच्या वर्षी देईल. मला त्याला बघायचंय."

हे तिचे शब्द. मी तुला सांगितलं ते ह्याच्या बरोबर उलट होतं.

मी खाली गेलो. दवाखान्याच्या दारात फोन होता, वसतिगृहाचा नंबर पाकिटात होता. रिसीव्हर उचलला होता मी. त्याने आता काही फरक पडत नाही, तरी तुला सांगतो. उचलला आणि परत ठेवला.

का ठेवला तेही ऐक. मी वीस वर्षांचा होतो तेव्हा मलाही असाच निरोप आला होता, वडील गंभीर, असशील तसा निघ. तिसरा पेपर टाकून निघालो. वडील आठवड्याने उठून बसले आणि त्यानंतर अकरा वर्षं ठणठणीत जगले. मी मात्र परत कॉलेजात गेलो नाही. कुणी जा म्हणालं नाही, आणि मग काकांनी लिफ्टच्या कंपनीत चिकटवलं. ते कधीच माझ्या डोक्यातून गेलं नाही. पन्नास वर्षं अंधाऱ्या शाफ्टमध्ये उभा राहून मी दर काही दिवसांनी त्या तिसऱ्या पेपरचा विचार केलाय. म्हटलं, माझ्या पोराचं असं होऊ द्यायचं नाही. कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. माझ्या वडिलांचा राग मी तुझ्या आईवर काढला, असंही कुणी म्हणू शकेल. मी स्वतः म्हटलंय.

वर येऊन तिला सांगितलं, "कळवलंय. शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघतोय."

गुरुवारी रात्री तिची तब्येत उतरली. तरी शुक्रवारी सकाळी तिने नर्सकडून केस विंचरून घेतले. उशी उंच करून घेतली, दार दिसावं म्हणून. सात तासांचा प्रवास. दर थोड्या वेळाने विचारायची, "कुठवर आला असेल?" आणि मी तिला स्टेशन सांगायचो. घड्याळ बघून सांगायचो, चुकू नये म्हणून. आता पूल ओलांडला असेल. आता जंक्शनला थांबली असेल गाडी, तिथे अर्धा तास थांबते. ती मान हलवायची. सकाळी आठपासून मी तुला स्टेशन-स्टेशन करत तिच्याकडे आणत होतो आणि तू तिकडे वर्गात पंख्याखाली अभ्यास करत बसला होतास.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. तेव्हा अकरा वाजले होते. तेव्हाही मी तुला फोन केला नाही. बोलावलं असतं तरी पोचला नसतास, हे मी स्वतःला खूपदा सांगितलंय. पण बुधवारी बोलावलं असतं तर पोचला असतास, हेही मला माहीत आहे.

तीन वाजले तेव्हा स्टेशनं संपली. मी म्हटलं, "पुढे रुळांचं काम चालू आहे म्हणे, गाडी थांबवून ठेवलीय." तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुम्ही त्याला कळवलंच नाहीत."

विचारलं नाही तिने. सांगितलं.

मी म्हटलं, "कळवलंय गं."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सव्वाचारला गेली.

शनिवारी सकाळी लवकर अंत्यविधी उरकला. उरकला हाच शब्द बरोबर आहे. नऊची गाडी धरली आणि त्याच सगळ्या स्टेशनांवरून तुझ्याकडे आलो. तू हॉलमधून हसत बाहेर आलास. "बाबा, तुम्ही कसे काय?" पेपर सोपा गेला म्हणालास. मी म्हटलं, आधी जेवू. तू भुकेजला होतास, दोनदा वाढून घेतलंस. मी तुला पोटभर जेवू दिलं आणि मग सांगितलं.

तू एकच विचारलंस, "ती काही बोलली का?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिनेच सांगितलं, त्याला कळवू नका, पेपर बुडेल." आधी ठरवलेलं नव्हतं. पण बाहेर पडलं आणि तुझ्या चेहऱ्यावरचा माझा राग अर्धा तिच्याकडे गेला, ते मी बघितलं. बघितलं आणि गप्प बसलो. तू तिच्यावरही रागावलास, बाळा. मेलेल्या आईवर. सगळ्यात वाईट मी हे केलं.

हे पत्र आत्ताच टाकतोय, म्हणजे अठराच्या आत तुला मिळेल. तू आल्यावर सांगेन असं आधी ठरवलं होतं. पण मला माझी ओळख आहे. तुझी पोरगी 'आजोबा' म्हणाली की माझी हिंमत जाईल आणि मग मी मरेपर्यंत चांगला माणूस म्हणून राहीन.

आता यायचं की नाही, ते तू ठरव. रंगाचा वास गेलाय.

बाबा

---

सोमवार, १९ मे

बाळा,

काल तुम्ही आला नाहीत.

नऊपासून गॅलरीत उभा होतो. जेवण झाकून ठेवलं होतं, चार वाजता शिक्षिकाबाईंना अर्धं दिलं. त्यांनी भांडी घासून परत दिली. पेपरात तुझ्या जागेवर गाद्यांची जाहिरात होती. पेपरातल्या बाईंना फोन केला तर म्हणाल्या, लेखकांनी सुट्टी मागितलीय, किती दिवसांची ते सांगितलं नाही, घरी सगळं ठीक ना? मी ठीक म्हणालो.

तुझा राग कळतो, असं लिहिणार होतो. कळतो म्हणणं सोपं आहे. काल दुपारी मला तुझाच राग आला होता, ते खरं. म्हटलं, एवढं खरं बोलायला लावलं आणि वर येत नाही. मग आठवलं, लावलं कुणी? माझं मीच बोललो. एकोणीस वर्षं पोटात ठेवलं आणि आता मला हलकं व्हायचं होतं, म्हणून तुझ्या डोक्यावर ठेवून मोकळा झालो. तुझ्या लेखात मी किती छान वारलो होतो.

तू आईवर काही लिहिलंस तर तिने खरं काय सांगितलं होतं तेच लिही. माझं नाव खराब होऊ दे. दाढीचे पैसे मी पुन्हा द्यायला लागलोय, न्हाव्याला वाटतं मला फुकटचं घेववत नाही.

उत्तराची घाई नाही.

बाबा

---

मंगळवार, ३ जून

बाळा,

हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दोन आठवडे नाही लिहिलं.

बुधवारी मी कुठे जातो ते तू विचारलं नाहीस, आणि तेव्हा विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं. पोटात गाठ आहे. डिसेंबरात सापडली. दर बुधवारी नळी लावून औषध सोडतात, चार तास लागतात, बाजूच्या खाटेवरचा पोस्टमन फार विनोदी माणूस आहे. गेल्या बुधवारी डॉक्टरीणबाईंनी औषध थांबवलं. उपयोग होत नाही म्हणाल्या. मी विचारलं, किती? त्या म्हणाल्या, दोन महिने, फार तर तीन, आणि त्यांतला शेवटचा भाग गुंगीत जाईल. म्हणजे तुझा लेख चुकीचा नव्हता. थोडा लवकर आला होता, एवढंच.

तुला सांगणार नव्हतो. म्हटलं, आधी पाप कबूल करायचं आणि लगेच आजार पुढे करायचा, म्हणजे तुला माफ करायलाच लावायचं. तुला वाटणार, म्हातारा आता गळ टाकतोय. वाटलं तर त्यात तुझी चूक नाही. म्हटलं, गपचूप जावं. मग तुला कुणीतरी कळवेल, तू येशील किंवा येणार नाहीस, पण तुझ्यावर जबरदस्ती होणार नाही. फार समजूतदारपणाचं वाटलं मला ते. तीन दिवस मी स्वतःवर खूश होतो.

आज वॉर्डच्या नर्सने कागद भरून घेतले, उद्यापासून दाखल व्हायचंय म्हणून. जवळचं कोण? मी म्हटलं, मुलगा. तिने विचारलं, "त्यांना कळवलंत का?"

आणि मी म्हणालो, "कळवलंय. येतोय तो."

असं सहज आलं बघ तोंडात. तिने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मी घरी आलो, चपला तशाच पायात ठेवून खुर्चीत बसलो आणि कागद पुढे ओढला. तेच शब्द. तुझी आई भिंतीकडे वळली ते ह्या शब्दांवर. ह्या वयात, एवढं सगळं झाल्यावर, मी परत तुझ्या वतीने ठरवून मोकळा झालो होतो.

तेव्हा ऐक, मी तुला कळवतोय. मी मरायला टेकलोय. पोटात दुखतं. रात्री भीती वाटते. मला तू हवा आहेस.

माफ कर असं म्हणत नाही. माफी तू दिलेली होतीस, ती मी परत केली, आता पुन्हा मागायला तोंड नाही. भांडायला ये. आईने काय सांगितलं ते माझ्या तोंडून ऐकायला ये, तिने कुठली साडी नेसली होती, केस कसे विंचरले होते, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. येऊन खाटेशेजारी बस आणि एक अक्षर बोलू नकोस, तरी चालेल. पोरीला आणायचं की नाही ते तू ठरव, तिला विचारून ठरव. आणि नाही आलास, तर तो तुझा निर्णय असेल. तुला कळलंच नव्हतं म्हणून राहिलास, असं ह्या वेळी होणार नाही.

नर्सकडे तुझा नंबर दिलाय. शिक्षिकाबाईंकडे दिलाय, तुझ्या आत्याकडे आहेच. तिघींनाही सांगून ठेवलंय, माझं थोडं जरी बिघडलं तरी आधी तुला फोन करायचा, तू कामात असलास तरी, पेपरात असलास, तापात असलास तरी. उद्या त्यांतल्या कुणी तुला सांगितलं, की तुझ्या बाबांनीच बजावलं होतं, मुलाला कळवू नका, तर ती खोटं बोलतेय.

बाबा